झुडपी जंगल वाचता येणारा लॉ क्लर्क

नाकाडोंगरीच्या परिसरात ‘झुडपी जंगल’ म्हणजे काय हे कुणाला समजावून द्यावं लागत नाही. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा हा उत्तरेकडचा भाग मध्यप्रदेशच्या सीमेला टेकलेला. एकीकडे जंगल, एकीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीज खाणी, मधे धानाच्या बांध्या. जंगल धड नाही आणि शेतही नाही अशी खुरट्या झाडोऱ्याची, गुरं चरायला सोडतात ती जमीन म्हणजे झुडपी. मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळापासून ती कागदावर अशीच येते. ही जमीन कायद्याने ‘वन’ ठरते का, या एका प्रश्नावर नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली घरं, शाळा, रस्ते, सरकारी इमारती कित्येक वर्षं अडकून पडल्या होत्या. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. ‘वन’ कशाला म्हणायचं हे ठरवणाऱ्या गोदावर्मन प्रकरणातल्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जमीन वनच समजायची. मात्र त्या तारखेआधी रीतसर वाटप होऊन जिथे बांधकामं उभी राहिली, ती नियमित करून घेण्याची वाट मोकळी ठेवली. प्रश्न सुमारे ८६ हजार हेक्टरचा होता. निकाल देणाऱ्या खंडपीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई मूळचे अमरावतीचे, वकिली नागपूरची. त्यांना ‘झुडपी’चा अर्थ विचारावा लागला नसणार. पण अशा प्रकरणाचे गठ्ठे न्यायमूर्तींच्या आधी ज्याच्या टेबलावर येतात, त्या पंचवीस वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला तो ठाऊक असतो का?

त्या मुलाला किंवा मुलीला ‘लॉ क्लर्क’ म्हणतात. या नावाने पुष्कळ घोटाळा केला आहे. क्लर्क म्हटलं की आपल्याला तुमसर किंवा भंडाऱ्याच्या कोर्टातला लिपिक आठवतो. तारखा देणारा, रोजनामा लिहिणारा, नकलेचा अर्ज घेणारा. ती कायम सरकारी नोकरी आहे आणि तिची भरती वेगळी. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी ४६२९ पदांची जाहिरात निघाली, त्यात २७९५ पदं कनिष्ठ लिपिकांची होती. गावागावांतल्या पदवीधरांना ती माहीत होती, टायपिंगच्या क्लासमध्ये तिची चर्चा होती. दुसरा क्लर्क म्हणजे वकिलाचा मुन्शी. लॉ क्लर्क या दोघांतला नव्हे. तो कायद्याचा पदवीधर असतो, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना ठरावीक मुदतीसाठी जोडलेला असतो, आणि त्याचं काम फायली वाचून न्यायमूर्तींना टिपण देणं, दाखले शोधणं, निकालाच्या मसुद्यातले संदर्भ तपासणं हे असतं. मराठीत त्याला सुटसुटीत नाव नाही. ‘विधी लिपिक’ म्हटलं तर पुन्हा त्याच घोटाळ्यात पडायचं, म्हणून इथे लॉ क्लर्कच म्हणू.

कागदावरची पात्रता फारशी अवघड नाही. २०२५ च्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या पीठांसाठी ६४ लॉ क्लर्कची निवडयादी करायला अर्ज मागवले. वय २१ ते ३०, कायद्याच्या पदवीला किमान ५५ टक्के गुण किंवा मग एलएल.एम., संगणकाचं ज्ञान आणि महिन्याला एकत्रित ६५ हजार रुपये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२४ आणि २०२५ च्या जाहिरातींत वय २० ते ३२ आणि मानधन ८० हजार होतं. तिथे बार कौन्सिलने मान्य केलेल्या कुठल्याही महाविद्यालयाची पदवी चालते, शेवटच्या वर्षाला असलेला विद्यार्थीही अर्ज करू शकतो. निवड तीन टप्प्यांत होते. आधी बहुपर्यायी प्रश्न, मग लेखनाची आणि विश्लेषणाची परीक्षा, शेवटी मुलाखत. ही कायम नोकरी नसते. अल्पमुदतीचा करार असतो आणि त्या काळात वकिली करता येत नाही. म्हणजे बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम नीट पार पाडलेला भंडारा जिल्ह्यातला विद्यार्थी नियमांच्या कसोटीवर कुठेच अडत नाही. तरी तुमसर-साकोलीकडे लॉ क्लर्क व्हायचंय असं म्हणणारा विद्यार्थी विरळाच. माझं म्हणणं असं आहे की अडसर पात्रतेचा नाही. हे काम आपलं असू शकतं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही. आणि सांगायला हवं, कारण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात या कामासाठी लागणारी एक मोठी पात्रता त्याच्याकडे घरूनच आलेली असते.

ती कोणती, हे एखादी फाइल उघडल्याशिवाय कळायचं नाही. समजा तुमसर तालुक्यातल्या एका शेतजमिनीचा दावा खालच्या दोन न्यायालयांतून निकाली निघाला आणि दुसरं अपील नागपूरला आलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० प्रमाणे उच्च न्यायालय आता जमीन कुणाची, साक्षीदार खरं बोलला का, असल्या वस्तुस्थितीच्या वादात सहसा शिरत नाही. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो का एवढंच बघतं. तेव्हा लॉ क्लर्कने पहिल्यांदा करायची गोष्ट म्हणजे तारखांची यादी. हुकूमनामा कधी झाला, अपील मुदतीत आहे की विलंबमाफीचा अर्ज लागेल, मूळ मालक कधी वारला, फेरफार कधी पडला. मग निशाण्या, म्हणजे पुराव्यातले क्रमांक घातलेले कागद. निशाणी तीस म्हणजे सातबारा, निशाणी बत्तीस निस्तार पत्रक, म्हणजे गावाच्या सामाईक वापराच्या हक्कांची नोंद, त्यामागे कुठल्याशा १९५० च्या दशकातल्या नोंदीची नक्कल, जेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेश राज्यात होता आणि महसुली कागद हिंदी-मराठीच्या सरमिसळीत लिहिले जायचे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, पण तिचे शब्द राहिले. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे आपला मामा तलाव, आजही कुणाच्या पाण्याच्या हक्काचा प्रश्न असतो. या सगळ्यातून लॉ क्लर्क दोन-तीन पानांचं टिपण काढतो. खालच्या न्यायालयाने एखादा महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही, किंवा वाचला तो उलटा वाचला, हे त्या टिपणात आलं तर न्यायमूर्तींना तो धागा सुनावणीत हाती लागतो. नाही आलं तर वकिलांच्या युक्तिवादात तो सापडेल अशी आशा करायची.

आता भाषेकडे बघा. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रातल्या दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी ठरली. म्हणजे नागपूरला वर जाणाऱ्या फायलीत जबाब, पंचनामे, प्रथम खबर, ग्रामसभेचे ठराव, मृत्युपूर्व जबानी हे सगळं मुळात मराठीत असतं. भाषांतरं जोडलेली असतात, पण भाषांतर म्हणजे कुणीतरी आधीच लावलेला अर्थ. ‘मारलं’ आणि ‘मारून टाकलं’ यांत एका माणसाच्या जन्मठेपेचं अंतर असू शकतं, आणि भंडाऱ्याकडच्या बोलीत साक्षीदार ‘झोडपला’ म्हणाला की ‘झटापट झाली’ म्हणाला, हे मूळ जबाबातच पाहावं लागतं. मोठ्या शहरातल्या इंग्रजी माध्यमातून आलेला हुशार पदवीधर दाखले चटकन शोधेल यात शंका नाही. मूळ जबाबाचं पान मात्र तो वगळून पुढे जाईल, कारण ते त्याला वाचताच येत नाही. माझ्या मते ही कामातली खरी उणीव आहे, आणि ती भरून काढणारी माणसं विदर्भाच्या विधी महाविद्यालयांत बसलेली आहेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजी. टिपण इंग्रजीत, दाखले इंग्रजीत, निकाल इंग्रजीत. मग मराठी माध्यमातला विद्यार्थी काय करणार? आक्षेप खरा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. इंग्रजी लिहिता आलंच पाहिजे; दोन पानांत वाद मांडता येत नसेल तर हे काम होणार नाही. फक्त इथे कुठली इंग्रजी लागते ते पाहिलं पाहिजे. न्यायालयाला अलंकारिक इंग्रजी नको असते. छोटी वाक्यं, तारखा, कलमं, कोण काय म्हणालं आणि खालच्या न्यायालयाने का मानलं नाही, एवढं सरळ लिहिता आलं की बहुतेक काम होतं. ही शैली गाइडं पाठ करून येत नाही, निकाल वाचून येते. आणि निकाल आता नाकाडोंगरीतही वाचता येतात. जानेवारी २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत अहवाल ई-एससीआरवर फुकट खुले आहेत, काही निकालांची मराठी भाषांतरंही मिळतात, आणि सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी थेट पाहता येते. झुडपी जंगलाचाच निकाल मूळ इंग्रजीत वाचून त्याचा दोन पानी गोषवारा काढायचा, तो बाजूला ठेवून आठवड्याने पुन्हा वाचायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या लेखी परीक्षेत ज्या कौशल्याची चाचणी होते, त्याची यापेक्षा चांगली तयारी मला सुचत नाही. महागडे डेटाबेस वापरायची सवय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात करावी लागेल, ती अडचण आहेच.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. न्यायमूर्तींना आपल्या दालनात कोण हवं हे त्यांनी ठरवावं. तिथे गुप्तता लागते, निकाल जाहीर होण्याआधीचा विचार कानावर पडतो, मग विश्वासाचा माणूस ओळखीतूनच यायचा. या प्रथेचा उगमही तसाच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १८८२ मध्ये न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी स्वतःच्या खिशातून पगार देऊन पहिला लॉ क्लर्क ठेवला, आणि त्यांच्यासाठी मुलं निवडून द्यायचे ते हार्वर्डमध्ये शिकवणारे त्यांचे सावत्र भाऊ. विश्वास मिळाला खरा, पण दार किती अरुंद झालं ते पुढच्या इतिहासात दिसतं. रूथ बेडर गिन्सबर्ग कोलंबियातून वर्गात संयुक्तपणे पहिल्या येऊन बाहेर पडल्या, १९६० मध्ये त्यांची शिफारस न्या. फेलिक्स फ्रँकफर्टर यांच्याकडे झाली, आणि त्या स्त्री आहेत म्हणून त्यांना घेतलं गेलं नाही. गंमत अशी की याच फ्रँकफर्टर यांनी १९४८ मध्ये विल्यम कोलमन यांना घेतलं होतं, तिथले पहिले कृष्णवर्णीय लॉ क्लर्क. एकाच माणसाने एक दार उघडलं आणि दुसरं लावून घेतलं. निवड मर्जीवर चालली की असंच होतं. गिन्सबर्ग १९९३ मध्ये त्याच न्यायालयात न्यायमूर्ती म्हणून बसल्या. तेव्हा विश्वासाच्या मुद्द्याचा मान राखूनही असं म्हणता येतं, की आधी खुली जाहिरात आणि परीक्षा घेऊन यादी करावी, त्या यादीतून कोण हवा ते न्यायमूर्तींनी निवडावं. परीक्षा, मुलाखत आणि मग नेमणूक या क्रमात आपली न्यायालयं त्याच दिशेला गेली आहेत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. गुप्तता पाळणं हा स्वभावाचा भाग आहे, आडनावाचा नाही.

मग लॉ क्लर्कच निकाल लिहितात का, हाही प्रश्न लोक विचारतात. पुढे अमेरिकेचे सरन्यायाधीश झालेले विल्यम रेनक्विस्ट स्वतः १९५२ मध्ये लॉ क्लर्क होते आणि १९५७ मध्ये त्यांनीच लेख लिहून क्लर्कांच्या प्रभावाबद्दल इशारा दिला होता. तेव्हा शंका नवी नाही. पण निकालावर सही न्यायमूर्तींची असते आणि जबाबदारीही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दोन संघीय न्यायाधीशांना आपले आदेश मागे घ्यावे लागले, कारण एकाच्या कार्यालयात लॉ क्लर्कने आणि दुसऱ्याच्या कार्यालयात प्रशिक्षणार्थ्याने कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली होती आणि नीट तपासणी होण्याआधीच चुकांसकट मजकूर बाहेर पडला होता. खुलासा दोघांनाही स्वतःच द्यावा लागला. या घटनेतून लॉ क्लर्क नकोत असा निष्कर्ष काढणारे भेटतील. मला उलटंच दिसतं. यंत्र दहा दाखले सेकंदात काढून देईल, त्यातला कुठला अस्तित्वातच नाही हे मूळ अहवालाचं पान उघडून पाहणारा माणूस आता पूर्वीपेक्षा जास्त लागेल. पात्रतेच्या यादीत हा चिवटपणा कुठे लिहिलेला नसतो, पण तोच पहिला असावा.

हे सगळं आताच का बोलायचं, तर २० मे २०२५ च्या निकालामुळे. झुडपी जंगलाच्या निकालाआधी दोनच दिवस, सरन्यायाधीश गवई, न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह आणि न्या. के. विनोद चंद्रन यांच्या पीठाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. १९९३ मध्ये ती होती, न्यायाधीशांच्या वेतनासाठी नेमलेल्या शेट्टी आयोगाच्या शिफारशीनंतर २००२ मध्ये गेली. त्यामुळे महाराष्ट्रात नुकतीच पदवी घेतलेला विद्यार्थी, पहिल्याच प्रयत्नात ५५ टक्के मिळवून, २५ वर्षांच्या आत थेट न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसू शकायचा. पुढच्या भरत्यांसाठी ती वाट बंद झाली. पण त्याच निकालात एक वाक्य असं आहे की देशातल्या कुठल्याही न्यायाधीशाकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं काम या तीन वर्षांत धरलं जावं. आता पैशाचा हिशोब करा. तालुक्याच्या कोर्टात कनिष्ठ वकिलाला किती मिळतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रामीण भागात महिना १५ हजार द्यावेत अशी शिफारस केली, आणि शिफारस ही शिफारसच असते. ज्याच्या घरी दोन एकर धान आहे त्याला तीन वर्षं फुकट थांबणं परवडत नाही. त्याच्यासाठी महिना ६५ हजारांचं एक वर्ष म्हणजे न्यायाधीशपदापर्यंत टिकून राहण्याचं साधन. ही सोय फक्त मोठ्या शहरांतल्या नामांकित विद्यापीठांच्या मुलांनी वापरली, तर तीन वर्षांच्या अटीचा सगळा भार खेड्यातल्या मुलांवर आणि सवलत मात्र दुसऱ्यांना, असा उफराटा प्रकार होईल.

शेवटी एक आक्षेप असा, की न्यायमूर्तींच्या दालनात बसून न्यायालय कळत नाही. पक्षकार भेटत नाही, साक्षीदार फुटताना दिसत नाही, उलटतपासणी अंगावर येत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. तीनही वर्षं लॉ क्लर्क म्हणून काढून थेट न्यायासनावर बसणारा माणूस तुमसरच्या कोर्टात पहिले सहा महिने चाचपडेल. एखादं वर्ष नागपूरला आणि दोन वर्षं खालच्या कोर्टात काळा कोट घालून, अशी वाटणी शहाणपणाची. वरून खाली पाहिलेलं आणि खालून वर पाहिलेलं दोन्ही गाठीशी राहतं. सनदेचा खर्चही आता आडवा येत नाही. ३० जुलै २०२४ च्या निकालाने नोंदणी शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणलं आहे, पूर्वी ते हजारोंत जायचं.

लॉ क्लर्कची जाहिरात मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर येते आणि अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. टायपिंग क्लासच्या फळ्यावर ती लागत नाही. तुमसर आणि भंडाऱ्याच्या बाररूममध्ये, नागपूर विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयांच्या सूचनाफलकावर ती वेळेत छापून लावायला एक कागद आणि चार टाचण्या लागतात. वकील मंडळींनी तेवढं करावं.